विमान कुणाकडे?

सांगायचे आहे ते रात्रीचे नाही. भर उन्हातले आहे. म्हणूनच दिव्याजवळ बसून सांगते, उन्हात मला ते सांगवत नाही.

त्या संध्याकाळी मी एका अर्जावर सही करायला गेले होते. मालवाहू विमानाची मी सहवैमानिक. थकव्यामुळे उड्डाण नाकारण्याचा अधिकार आम्हाला आहे आणि त्याचा छापील अर्जही आहे. मात्र प्रवासी विमानांच्या वैमानिकांसाठी विश्रांतीचे जे नियम आहेत, त्यांतले निम्मे आमच्या उंबऱ्याबाहेरच थांबतात. ड्यूटी लावणाऱ्या बाईंनी तक्त्यावर बोट ठेवले.

“दहा तास विश्रांती झालीय तुमची, मॅडम.”

“शेजारच्या खोलीत दिवसभर फरशी फोडत होते. अडीच तास झोपलेय मी.”

“झोपेचा रकाना नाही हो इथे. विश्रांतीचा आहे.”

मागून काका हसले. काका म्हणजे आमचे मुख्य वैमानिक. निवृत्तीला आलेला, मिस्कील माणूस. “अगं, खोकी कधी तक्रार करतात का? मग नियम कुणासाठी करायचे?” मग मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, “पोरी, आज सही नको करूस. लेक सहा वर्षांनी आलीय, उद्या रात्री परत जाणार. उड्डाण रद्द झालं तर मी इथेच अडकेन. मला तेवढं घरी पोहोचव.”

मी अर्जाची घडी केली आणि खिशात घातली.

रात्रभरात तीन विमानतळ झाले. चौथी फेरी घराकडची. ती सुरू झाली तेव्हा सूर्य थेट समोर होता. काकांनी काचेला जुने वर्तमानपत्र चिकटवले आणि कॉकपिटमध्ये पिवळट, आजारी उजेड पसरला. मागच्या भागात एका दिवसाची कोंबडीची पिल्ले होती, शेकडो खोक्यांत. दरवाजातून त्यांचा चिवचिवाट झिरपत होता, संथ, अखंड, पावसाच्या सरीसारखा. भुशाचा वास, शिळ्या कॉफीचा वास, तापलेल्या तारांचा वास.

अशा प्रवासात एकाने चाळीस मिनिटे डोळा लावावा आणि दुसऱ्याने जागे राहावे, अशी सोय असते. पण त्याआधी दोन वाक्ये उच्चारावीच लागतात. जागणारा म्हणतो, ‘विमान माझ्याकडे.’ झोपणारा उत्तर देतो, ‘विमान तुमच्याकडे.’ उठल्यावर तेच उलट. दिलेले विमान शब्दाने परत घेतल्याखेरीज ते आपले नसते, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

माझी मान दोनदा झुकली. मी स्वतःला चिमटा काढला. तेवढ्यात शेजारून शांत आवाज आला, “विमान माझ्याकडे.”

“विमान तुमच्याकडे,” मी म्हणाले, आणि डोहात दगड जावा तशी खाली गेले.

जाग आली ती शांततेने. पिल्ले गप्प होती, एकजात सगळी. मी डावीकडे पाहिले. काकांची हनुवटी छातीला टेकली होती आणि दोन्ही तळवे मांडीवर उताणे पडले होते. घड्याळ एक्केचाळीस मिनिटे पुढे गेले होते.

“काका... काका!”

ते दचकून उठले. “काय ग? विमान तुझ्याकडे आहे ना?”

“तुम्ही घेतलंत ना...”

“मी? तूच म्हणालीस, विमान माझ्याकडे. मी दिलं, आणि...”

त्यांनी समोरच्या पट्टीकडे बोट केले. उंचीचा आकडा चौतीस हजार फुटांवर होता तो आता छत्तीस हजारांवर होता. उंचीचे बटण कुणीतरी हाताने फिरवले होते. इतक्यात नियंत्रण कक्षाची हाक आली. मी उत्तर दिले. पलीकडचा माणूस सहज म्हणाला, “आतापर्यंत बोलत होते ते साहेब कुठे गेले?”

आम्ही सुखरूप उतरलो. उतरताना सुकाणू माझ्या हातात होते. तरीही ‘विमान माझ्याकडे’ हे वाक्य आम्हा दोघांपैकी कुणीही उच्चारले नाही. उच्चारले असते, तर उत्तर कोण देईल, याची भीती होती. एवढीच आमची चूक.

“लिहून देऊया, काका,” विमानतळाच्या दारात मी म्हणाले.

“काय लिहिणार? आपण दोघंही झोपलो होतो, हे? मग ड्यूटीवाल्या बाई म्हणतील, बघा, झाली ना विश्रांती!” ते हसले, डोळे मात्र हसले नाहीत. “जाऊ दे. पोहोचवलंस मला. आता घरी जाऊन झोपतो.”

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

“अगं, हे आल्यापासून झोपलेलेच आहेत. डॉक्टर म्हणतात नाडी ठीक आहे, थकवा आहे, झोपू द्या. लेकीनं तिकीट रद्द केलं, उशाशी बसून आहे. पण हे झोपेत आकडे बोलतात ग.”

“कसले आकडे, काकू?”

“काल सकाळी छत्तीस हजार म्हणत होते. रात्री बारा हजार. मी कागदावर लिहून ठेवलेत, डॉक्टरांना दाखवायला. मघाशी नऊशे म्हणाले. लेक म्हणते, आकडा उतरतोय, म्हणजे बरे होताहेत. ताप उतरतो ना, तसं.”

तो ताप नव्हता, उंची होती. “काकू, फोन त्यांच्या कानाला लावा. लवकर...”

श्वास ऐकू आला, जड, संथ. मी पाठ ताठ केली, आसनात बसल्यासारखी.

“काका, मी आहे. विमान माझ्याकडे.”

श्वास.

“काका, द्या ना... विमान माझ्याकडे!”

“नको,” पलीकडून उत्तर आले. तो काकांचा आवाज नव्हता. शांत होता, समंजस होता, आणि मी तो एकदाच ऐकला होता. “तू दमली आहेस.”

मग काकू म्हणाल्या, “कुणाशी बोलतेयस ग? ह्यांचे तर ओठसुद्धा हलले नाहीत.” आणि लगेच, “थांब हं, आता काहीतरी म्हणताहेत... शंभर म्हणाले वाटतं...”

मागे लेक ‘बाबा, बाबा’ अशा हाका मारू लागली. मी ओरडण्यासाठी तोंड उघडले. आणि सांगताना जीभ धजत नाही, पण मला जांभई आली.