उजवीकडची पाकळी

डिचोलीच्या त्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, की आता डॉक्टरांच्या आधी संगणक तो वाचतो आणि संशयाच्या जागी लाल वर्तुळ काढतो. सुमंगलाबाईंच्या फोटोत ते उजव्या खांद्याच्या जरा खाली उमटलं.

"मला इथे काही दिसत नाही," डॉक्टर अर्चना म्हणाल्या. "पण मशीन म्हणतंय. सुई घालून तपासायचं का, तुम्ही दोघांनी ठरवा."

सुमंगलाबाईंचे यजमान कृष्णनाथ ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. मशीनला नेमकं काय दिसलं, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला आणि नेहमीसारखा तिथेच राहिला. कोण लपवतंय? डॉक्टर, की मशीन?

"देवाक विचारूया," सुमंगलाबाई खोकत म्हणाल्या.

पाळीच्या देवळात शिवदास गुरवाने कौल घ्यायला देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. देवाची उजवी पडली तर सुई करायची, डावी पडली तर नाही. समया तडतडत होत्या. तासाभराने उजवी पाकळी दोन बोटं घसरली आणि थांबली.

"आज तो बोलूचो ना," शिवदास म्हणाला. "मागीर परत या."

पंधरा दिवसांनी दुसरा फोटो काढला. वर्तुळ दोन बरगड्या खाली आलं होतं.

"गाठ अशी घसरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मशीनच चुकतंय."

"त्याला शिकवलं कुणी?" कृष्णनाथांनी चाचरत विचारलं.

"लाखो फोटो बघून शिकतं ते. कशावरून ठरवतं, ते आम्हालाही सांगता येत नाही."

महिन्याने तिसरा फोटो. छाती स्वच्छ. डॉक्टर मोकळेपणाने हसल्या. सुईचा विषय संपला. सुमंगलाबाई बाहेर बाकावर बसून लेकीला फोन करू लागल्या.

"कांय ना गो. देवान राखलें." मधेच त्यांना खोकल्याची उबळ आली.

कृष्णनाथ आत संगणकाच्या पडद्यापाशी रेंगाळले. फोटोच्या तळाच्या डाव्या कोपऱ्यात, अंगाबाहेरच्या निव्वळ काळ्या जागेत, एक लहानसं लाल वर्तुळ होतं.

"तिथे काहीच नाही हो," डॉक्टर म्हणाल्या.

"बाजू कुठली?"

"फोटो समोरून बघतो ना आपण. म्हणजे त्यांची उजवी."

देवालाही समोरूनच बघतात.

आणि उजवी आता पुरती खाली पडली होती. बाहेर खोकला थांबत नव्हता.

"सुई करूया," ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांचे दोन्ही हात मांडीवर होते. पडद्यावरचं वर्तुळ विझलं.