आप्पांचा तृप्तिरस

"रेष अगदी सपाट आहे," डॉ. इरफान मुजावर पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "आंत्रशामक बसवलेली दोनशे बारा माणसं, आणि जेवणानंतर एकाच्याही रक्तात तृप्तिरस म्हणावा तसा वाढत नाही."

सांगलीच्या आंत्रविज्ञान प्रयोगशाळेतले सगळे पडद्याकडं वळले. डॉ. सुनेत्रा घोरपडेनं खुर्ची पुढं ओढली. आंत्रशामक तिनं घडवला होता. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र लहान आतड्याच्या सुरुवातीला बसवायचं, की आतड्याची हालचाल मंदावते. आतडं हलत असलं की अन्न घुसळलं जातं, साखर भिंतीला नव्यानं लागत राहते आणि भराभर रक्तात उतरते. हालचाल मंद केली की तीच साखर एका जागी साचते, हळूहळू झिरपते. मधुमेह्यांची साखर त्यामुळं आटोक्यात आली होती आणि सुनेत्राचं नाव झालं होतं.

"पण साखर लागली की तीच भिंत तृप्तिरस सोडते," इरफान पुढं म्हणाला. "आता पुरे, हा निरोप मेंदूला त्यातूनच जातो. आपण साखर नीट लागूच दिली नाही, मग निरोप कसला जातोय!"

"प्रश्नावलीत तर सगळ्यांनी पोट भरतं असं सांगितलंय," सुनेत्रा म्हणाली.

"विचारलं कोणी? आहारतज्ज्ञ बाईंनी. ताटही त्यांनीच वाढलं होतं. वाढणारीच्या तोंडावर 'पोट भरलं नाही' म्हणणारा माणूस आपल्याकडं सापडेल का, मॅडम?"

सुनेत्राला पुढचं ऐकवेना. पहिला आंत्रशामक तिनं आपल्या वडिलांनाच बसवला होता. साखरेनं आप्पांचा डावा डोळा गेला होता, निदान उजवा तरी वाचवायचा होता. आईला जाऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. गेली दोन वर्षं सुनेत्रा त्यांना मोजून वाढायची, 'भरलं ना पोट?' विचारायची, आणि ते म्हणायचे, "भरलं गं बाई."

ती दुपारीच घरी गेली. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले आप्पा भिंग घेऊन जुना नकाशा पाहत होते.

"आप्पा, खरं सांगा. जेवून पोट भरतं तुमचं?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "नाही. दोन वर्षांत एकदाही नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू राबून करतेस, त्याला नावं कशी ठेवू? आणि कारण मला ठाऊक होतं."

कोणतं कारण, हे तिनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण तिला चूक दुरुस्त करायची घाई झाली होती. एका जेवणानं डोळ्याला काही होणार नव्हतं. तिनं मोबाइलवरून यंत्र बंद केलं, पिठलं टाकलं, गरम भाकऱ्या थापल्या आणि समोर बसून वाढलं.

दुसरी भाकरी अर्धी झाली आणि आप्पांचा हात थांबला.

"भरलं?" सुनेत्राचे डोळे आनंदानं भरून आले.

"भरलं," ते नवलानं म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे हे सगळं यंत्रामुळं होतं?"

"हो आप्पा. माझी चूक झाली."

त्यांनी ताट किंचित पुढं सारलं.

"मला वाटायचं, तुझी आई गेली म्हणून भरत नाही. कितीही जेवलो तरी रितंच राहायचं. म्हटलं, राहू दे. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर तेवढं तर व्हायलाच हवं. रोज दोन वेळा तिची आठवण पोटातनं यायची." त्यांनी उरलेल्या अर्ध्या भाकरीकडं बोट केलं. "आणि आज मी पोटभर जेवलो, सुनेत्रा. ती नसताना."

आईला आपणच पुन्हा एकदा घरातून नेलं, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं तिनं भीत भीत मोबाइल हातात घेतला.

"यंत्र चालू करावं लागेल, आप्पा. डोळ्यासाठी."

"कर," ते म्हणाले. "पण आता लागेल ती नुसती भूक."