बंदर, बंदर, मी सुमेध

गुड फ्रायडेला वसईतले ख्रिस्ती कोळी होडी पाण्यात घालत नाहीत. त्यामुळे दुपारी बाराच्या सुमारास कॉन्रॅडने आपली होडी धक्क्यावरून ढकलली, तेव्हा काठावरच्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या. म्हाताऱ्याने खाडीकडे बोट केलं. जाळी बांधायला पाण्यात रोवलेल्या खांबांपाशी एक पिवळी कयाक पालथी तरंगत होती.

कयाकच्या बाजूला, पाण्याखाली, सुमेध रणपिसे सापडला. वय छत्तीस, वसईत फ्लॅट, मुंबईत नोकरी, सुट्टीच्या दिवशी वल्हं मारायची हौस. अंगात लाइफ जॅकेट घट्ट होतं आणि डावा पाय जुन्या जाळ्याच्या दोरात गुरफटला होता. दोर खाली धरून होता, जॅकेट वर ओढत होतं आणि भरती चढत होती. छातीचं पाणी नाकापर्यंत यायला पाऊण तास तरी लागला असणार. तो सगळा वेळ सुमेध शुद्धीवर होता. दोर सोडवता सोडवता त्याची तीन नखं उपटून गेली होती.

जॅकेटवर हातात मावणारा रेडिओ होता. पाण्यात पडला तरी चालणारा, अशाच वेळी मदत मागण्यासाठी घेतलेला. तरीही धक्क्यावरून मदतीला कोणी निघालं नव्हतं.

शनिवारी सकाळी सहायक पोलीस निरीक्षक विनिता सावे कयाक क्लबच्या पत्र्याच्या शेडपाशी पोहोचली, तेव्हा लोकांनी निकाल देऊन टाकला होता. दारावर खडूने ‘खुनी’ लिहिलं होतं. क्लब चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसांचा, त्यामुळे अक्षर सुरेख होतं.

ते लिहिलं होतं दिपिकासाठी. खाडीकाठच्या शेतकरी घरातली ही बत्तीस वर्षांची बाई क्लबचे रेडिओ धुण्या-पुसण्याचं आणि चार्ज करण्याचं काम करायची. क्लबचा प्रमुख संग्राम भोईटे याने तिच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. रेडिओ धुतला नाही, मीठ धरून बोलायचं बटण दबलेलंच राहिलं, म्हणून सुमेध गेला. वरिष्ठांचा फोनही येऊन गेला होता: संध्याकाळपर्यंत बाईला आत घ्या, विषय संपवा.

विनिताने स्टूल ओढलं.

“रेडिओ कधी धुतलास?”

“बुधवारी, मॅडम. पान्यातून आले की लगेच धुते. गोडं पानी, मग फडकं, मग सावलीत सुकवायचे, मग चार्जिंगला.”

“बटण?”

“दाबून दाबून धुते. खारं पानी आत सुकलं की बटन घट्ट होतं. सुमेधदादांनीच शिकवलं मला. ते म्हनायचे, बटन पाच मिनिटं दाबून राहिलं तर रेडिओ आपोआप बोलनं तोडतो. बोट उचलून परत दाबल्याबिगर चालू होत नाय.”

“धुताना कोणी पाहिलं?”

“रेडिओ धुताना कोन बघतंय?” दिपिकाचा आवाज पहिल्यांदा फुटला. “मॅडम, मला आत टाकलं तर माझी पोरगी त्या शाळेत कशी जाईल? काल तिला दोघांनी विचारलं, तुझी आई मानसं मारते का.”

विनिताने पिशवीतला रेडिओ उजेडात धरला. बटणाच्या फटीत मिठाचे जाड, पांढरे खडे गच्च बसले होते. बटण वर येत नव्हतं. चॅनेलचं चाक सोळावर होतं.

“सोळा म्हणजे?”

“संकटाचा. मासेमारीच्या होड्या तोच लावून ठेवतात. आपला क्लबचा बहात्तर. पन काल होड्या कुठं होत्या?”

“काल एकूण किती रेडिओ बाहेर होते?”

“पाच. चार पान्यात, एक संग्राम सरांकडे, धक्क्यावर. त्यालाच ‘बंदर’ म्हनतात. बाकी एक पन नाय.”

“सुमेध आणि संग्राम यांचं काही बिनसलं होतं?”

दिपिकाने खाली बघितलं. “उद्या मीटिंग होती, बंदर कोनाकडं द्यायचं त्याची. दादा म्हनाले, सर ड्युटीवर झोपतात, बंदराचा सेट दिपिकाला द्या, तिला सगळं येतं. सर सगळ्यांसमोर हसले. म्हनाले, आता धुनं धुनारी आपल्याला ‘बोल’ म्हननार का?”

बाहेर धक्क्यावर मासे खारवायच्या जाड्या मिठाची पोती उघडीच पडली होती. कॉन्रॅड त्यातल्याच एकावर बसला होता.

“कॉन्रॅडकाका, काल सकाळी तुम्ही इथेच?”

“क्रुसाची वाट होती, बाय, गुड फ्रायडेची मिरवणूक. गाव फिरून साडेदहाला इथल्या क्रुसापाशी आलो. घंटा तर काल मुकी, गुड फ्रायडेला वाजवत नाय. मीच लाकडाच्या फळीवर ठोका देत पुढं चाललो होतो.”

“खाडीकडे लक्ष नाही गेलं?”

“माना खाली, डोळे पुस्तकात, तोंडात गानी. गेलं असतं तर बरं झालं असतं.”

“धक्क्यावर आणखी कोण होतं?”

“संग्राम सर, गाडीत. काचा बंद, एसी चालू, डोळ्याला दुर्बीण. आमची मानसं गाडीला घासून गेली, त्याने मान नाय वळवली.”

“रेडिओ अंगावरून कोणी काढला?”

“त्यानेच. मी मढं धक्क्यावर घेतलं, तो रेडिओ सोडवून गाडीमागं गेला. पोलिसांना दिला तो बऱ्याच वेळानं.”

तिसरी साक्ष अनुष्काची. ती आणि दोघं जण काल कयाक घेऊन रेल्वे पुलापलीकडे, पाणजू बेटाच्या बाजूला गेले होते. सुमेध मागे, खांबांपाशी रेंगाळला होता.

“त्याचं शेवटचं काय ऐकलंत?”

“दहा वीसला ‘बंदर, बंदर, मी सुमेध’ एवढंच. आधी नाव सांगायचं, बंदराने ‘बोल’ म्हटल्यावरच काम सांगायचं, असा संग्राम सरांचा रूल आहे. आवाज नॉर्मल होता. पण ‘बोल’ आलंच नाही.”

“मग?”

“हिरवा दिवा लागला. म्हणजे कोणीतरी बटण दाबलं. दाबणाऱ्याचा लाल, ऐकणाऱ्यांचा हिरवा. आमच्या तिघांचेही हिरवे होते. एकाने दाबून धरलं की दुसऱ्याचं बोलणं पोचतच नाही.”

“किती वेळ?”

“पाऊण तास तरी. चार-पाच मिनिटांनी क्षणभर विझायचा, परत लागायचा.”

“आवाज काही?”

“बारीक घरघर. आणि एकदा लाकडावर लाकूड, टक, टक, टक. आम्हाला वाटलं सुमेधचं वल्हं बोटीवर आपटतंय.” अनुष्काने ओढणी तोंडाला लावली. “आम्ही हसलो, मॅडम. म्हटलं, येड्याचं बटण अडकलंय.”

विनिता वसईजवळच्याच निर्मळ गावची. शेजारची तीन घरं ख्रिस्ती, लहानपणीचे सगळे गुड फ्रायडे तिने त्यांच्या ओट्यावर काढलेले. तिने ‘टक, टक, टक’ वहीत लिहून खाली रेघ मारली आणि हवालदाराला संग्रामला घेऊन यायला सांगितलं.

संग्राम आला तो पांढऱ्या शर्टात, शोकसभेला आल्यासारखा. क्लबचे सातआठ जण मागोमाग आले. दिपिका कोपऱ्यात उभी होती, तिला कोणी जागा दिली नाही.

“काल दहा ते अकरा तुम्ही कुठे होता?”

“धक्क्यावर, गाडीत. सेट हातात. सुमेधची एकच हाक आली, मग चॅनेल जॅम. त्याचं बटण अडकलं. कारण समोर उभं आहे.” त्याने दिपिकाकडे हनुवटी उडवली.

“सेट तुमच्याच हातात? दुसऱ्या कोणाकडे दिला नव्हता?”

“एक मिनिटही नाही. मी ड्युटी सोडत नाही.”

“दुर्बिणीतून सुमेध दिसला नाही?”

“खांबांच्या आड असेल.”

“छान.” विनिताने रेडिओची पिशवी टेबलावर ठेवली. “भोईटे, हा रेडिओ माणसाबरोबर तासभर पाण्याखाली होता. बटणात एवढाले खडे आहेत. मीठ पाण्यात विरघळतं की नाही?”

तिने पिशवीवरूनच बटणाच्या फटीवर बोट ठेवलं.

“दिपिकाने महिनाभर रेडिओ धुतला नसता, तरी आतलं मीठ त्या तासाभरात विरघळून गेलं असतं. म्हणजे हे बाहेर आल्यावर भरलंय. बाहेर मासे खारवायच्या मिठाची पोती आहेत आणि रेडिओ घेऊन गाडीमागे तुम्ही गेला होता. घाईत विसरलात की मिठाला पाणी सोसत नाही.”

“हे तुमचं गेसिंग आहे.”

“पुढे ऐका. हे रेडिओ पाच मिनिटं बटण दबलं की आपोआप गप्प होतात. अडकलेलं बटण गप्पच राहिलं असतं. पण दिवा विझत होता आणि परत लागत होता, पाऊण तास. अडकलेलं बटण स्वतःला सोडून पुन्हा दाबत नाही. ते काम अंगठा करतो.”

संग्रामने उजवा हात खिशात घातला.

“अंगठा कोणाचा? सुमेधचा असता, तर अनुष्काला आणि तिच्याबरोबरच्या दोघांना पाण्याचा आवाज आला असता, त्याचा आक्रोश आला असता. या तिघांचा नाही, त्यांचे दिवे हिरवे होते. यांना ऐकू आली घरघर आणि लाकडावरचं लाकूड.” विनिता दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या कॉन्रॅडकडे वळली. “काका, काल घंटेच्या जागी काय वाजत होतं?”

“माझा ठोका,” कॉन्रॅड म्हणाला.

“साडेदहाला, या गाडीला घासून. तो आवाज पुलापलीकडे रेडिओत वाजला. म्हणजे दाबलेलं बटण धक्क्यावर होतं, चालू एसीच्या गाडीत. धक्क्यावर रेडिओ एकच होता, आणि तो एक मिनिटही हातातून सोडला नाही असं तुम्हीच आत्ता सगळ्यांसमोर सांगितलंत. सुमेधने बहात्तर सोडून सोळा लावला, पण तो ऐकणाऱ्या होड्या काल काठावर होत्या. तो बुडताना तुम्ही दुर्बिणीतून बघत होता.”

शेडमध्ये माणसं भिंतीकडे सरकली. संग्रामभोवती आपोआप जागा झाली.

“दहा मिनिटं,” तो म्हणाला. आवाज शांत होता, हिशेब समजावून सांगावा तसा. “पाय अडकलेला दिसला मला. म्हटलं, दहा मिनिटं ओरडू दे. मला झोपाळू म्हणतो ना, सगळ्यांसमोर? मग कळेल बंदर काय असतं. दहा मिनिटांनी मी सोडणारच होतो. शपथ.”

“मग का नाही सोडलंत?”

“तेवढ्यात ते लोक आले, टकटक करत. ती टकटक त्याच्याही रेडिओत वाजली.” संग्रामने ओठ पुसले. “त्याने कान लावला आणि वळून थेट माझ्या गाडीकडे बघितलं. हातपण हलवला नाही, नुसता बघत राहिला. त्याला कळलं होतं, मॅडम. मग त्याला बाहेर कसं येऊ देणार?”

हवालदाराने बेडी घातली, तेव्हा अनुष्का भिंतीशी बसून रडत होती. बाकीचे एकेक करून काढता पाय घेऊ लागले. दिपिकाची माफी कोणी मागितली नाही. जाताना एकाने फक्त विचारलं, रेडिओ सोमवारी मिळतील का.

दिपिकाने बादलीत गोडं पाणी घेतलं, फडकं बुडवलं आणि दारावरची अक्षरं पुसायला लागली. खडू चांगल्या प्रतीचा असावा, लवकर जात नव्हता. पोरीला शाळेतून आणायची वेळ झाली होती म्हणून ती घाई करत होती.

कॉन्रॅड विनिताच्या जीपपाशी येऊन उभा राहिला. फळीवर ठोका देणारा हात त्याने छातीशी घेतला होता.

“बाय, एक विचारू? काल मी ठोका दिला नसता, तर त्याने बटन सोडलं असतं?”

खोटं बोलायला विनिताला सोपं होतं. म्हातारा ते घेऊन घरी गेला असता आणि शांत झोपला असता.

“सोडलं असतं बहुतेक,” ती म्हणाली.

कॉन्रॅडने मान हलवली आणि तो होडीकडे चालू लागला.