दादासाहेबांचा निळा धूर

"मामा! दादासाहेब गायब झालेत!"

भोंगा ओरडला तेव्हा मामा तोंडावर पेपर घेऊन आरामखुर्चीत घोरत होता. तो असा दचकला, की पेपराची पानं पंख्याच्या वाऱ्यावर घरभर उडाली. भोंग्याचा आवाजच तसा होता. त्यानं घरात पाणी मागितलं, तर शेजारचे लोक पेला भरून आणायचे!

"कोण गायब झालं?" मामानं डोळे चोळत विचारलं.

"दादासाहेब! शेडमध्ये त्यांचा स्टँड रिकामा आहे!"

दादासाहेब म्हणजे कुणी माणूस नव्हे. मावशीकडची सगळ्यात जुनी चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी करवत. मावशीच्या जन्माच्याही आधीची! तिचं पातं जमिनीवर उभं धरलं तर शेजारच्या लिंबूच्या खांद्याला लागायचं. एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत मावशीला ती सापडली, तेव्हा ती नुसता गंजाचा गोळा होती. मावशीनं तिचा एकेक स्क्रू सोडवला, कार्ब्युरेटर धुतला, जे भाग बाजारात मिळेनात ते स्वतः लेथवर बनवले. शेवटी एका दुपारी ते इंजिन गुरगुरलं आणि मावशी चक्क शेडमध्ये नाचली. पण सुरू करायची दोरी कशीही हिसडली तर ते ढिम्म हलायचं नाही. आधी अगदी हळू ओढायची आणि मग एकदम! "या यंत्राला अरे-तुरे केलेलं खपत नाही," मावशी म्हणाली. तेव्हापासून ते झाले दादासाहेब.

आणि उद्या शाळेच्या मैदानावर जुन्या यंत्रांचं प्रदर्शन होतं. पहिला मान दादासाहेबांचा!

"अच्छा, ते होय," मामा पेपराची पानं गोळा करत म्हणाला. त्यानं कुणाच्याच नजरेला नजर दिली नाही. "ते मी... सर्व्हिसिंगला दिलंय."

मागोमाग आत आलेली टाचणी आपल्या धाकट्या भावाकडे, म्हणजे भोंग्याकडे बघायला लागली. भोंगा लिंबूकडे बघायला लागला. लिंबू हा दोघांचा दोस्त. कुठल्याही गोष्टीवर आधी तोंड आंबट करायचं आणि मग शंका काढायची, ही त्याची सवय.

"पण मामा," लिंबूनं तोंड आंबट केलं, "सगळ्यांची जुनी इंजिनं सर्व्हिसिंगला आपल्याच शेडमध्ये येतात ना? मग आपलं इंजिन गेलं कुणाकडे?"

"जा रे, खेळा बाहेर! सुट्टीत सुद्धा डोकं खाता!" मामा म्हणाला आणि पुन्हा पेपराआड गेला. पेपर उलटा होता.

"मावशीला फोन करू या," बाहेर आल्यावर भोंगा कुजबुजला. त्याचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं बोलणं.

"तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलाय," टाचणी म्हणाली. "सकाळच्या बसला निघताना विसरली. मेलेलं इंजिन जिवंत करते, पण फोन काही लक्षात राहत नाही तिच्या! आता पंपाचा वॉशर घेऊन येईल तेव्हाच भेटेल. चला, तोवर आपणच बघू."

शेडमध्ये ग्रीस आणि लाकडाच्या भुशाचा वास दाटला होता. भिंतीवर नट फिरवायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगलेले. कुलूप धड होतं, म्हणजे चोरी नव्हे. फळीवर मावशीचा पेट्रोलचा लाल कॅन जागच्या जागी होता. टाचणीनं तो उचलून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"काठोकाठ भरलेला आहे!"

"मग बरंच आहे की," लिंबू म्हणाला. "पेट्रोल तरी वाचलं."

"अरे, हे नुसतं पेट्रोल नाही! यात ऑइल मिसळलेलं आहे. दादासाहेबांच्या इंजिनात ऑइल वेगळं घालायची सोयच नाही. पेट्रोलमधूनच ते पिस्टनपर्यंत जातं. आणि मावशीनं काल माझ्यासमोर टाकी रिकामी करून पुसून ठेवली होती!"

लिंबूचा चेहरा खरोखरच आंबट झाला. "म्हणजे ज्यांनी नेलं, त्यांनी..."

"त्यांनी मोटारीत घालतात तसं साधं पेट्रोल ओतलं असेल. कोरडा पिस्टन आत घासत राहणार, तापणार आणि कायमचा चिकटून बसणार. तसा पिस्टन आता कुठे मिळतही नाही. मग दादासाहेब नुसतं शोभेचं लोखंड!"

टाचणीनं कॅन फळीवर परत ठेवला.

"पण गेले कुठे?" भोंग्यानं विचारलं.

लिंबू भिंतीकडे बघत होता. तिथे मावशीच्या तीन लहान करवती टांगलेल्या होत्या, नव्याकोऱ्या, हलक्या. "या का नाही नेल्या?" तो म्हणाला. "त्या उचलायला सोप्या आहेत. सुरू करायलाही सोप्या. मुद्दाम एवढं धूड कशाला न्यायचं?"

"कारण पातं लांब हवं होतं!" टाचणीनं टाळी वाजवली. "शाब्बास लिंबू! झाडच तेवढं जाड असणार!"

"कालव्याकाठचं वाळकं झाड!" भोंगा गरजला. "त्याच्या बुंध्याला मिठी मारायला आपण तिघंही कमी पडतो! ते पाडायचं काम त्या झाडं तोडणाऱ्या ठेकेदाराला मिळालंय, बाबा म्हणत होते!"

सायकली सुसाट सुटल्या. टाचणीनं पंक्चरची पेटी तेवढी हँडलला अडकवली, कारण कालव्याच्या वाटेवर काटे फार.

वळणाच्या अलीकडेच तिनं हात वर केला. "थांबा. ऐका!"

लांबून दोन आवाज येत होते. एक नव्या करवतीचा, डास कानाशी यावा तसा किरकिरा. आणि दुसरा खोल, जाड, छातीत घुमणारा. धड्-धड्-धड्-धड्!

"दादासाहेब!" तिघंही एकदम म्हणाले. तो आवाज झोपेतही ओळखता आला असता. पण आज त्यात काहीतरी चिरकत होतं, घसा बसलेल्या माणसासारखं.

कालव्याकाठी ठेकेदाराची जीप उभी होती. एक मदतनीस फांद्या तोडत होता. स्वतः ठेकेदार दादासाहेबांना बुंध्यात घुसवून उभा होता. डोळ्यांना चष्मा नाही, पायात चपला!

टाचणीची नजर मात्र इंजिनाच्या बाजूच्या नळीवर खिळली. मावशी इंजिन चालवायची तेव्हा तिथून निळसर धुराचा पट्टा निघायचा. आज तिथे नुसती हवा थरथरत होती.

"निळा धूर नाही," ती पुटपुटली. "ऑइल नाही!" आणि ती पुढे धावली. "काका! बंद करा ते! त्यात ऑइल नाहीये!"

"ए पोरी, मागे हो!" ठेकेदार खेकसला. "ही काय खेळायची जागा आहे?"

"ते आमच्या मावशीचं आहे!" भोंगा इंजिनापेक्षा मोठ्यानं ओरडला.

"ठाऊक आहे! तुमच्या मामानंच दिलंय सकाळी. म्हणाला, घेऊन जा, ताई यायच्या आत परत आणून ठेव. मग? घरचाच माणूस आहे ना?"

सर्व्हिसिंगचं गुपित असं फुटलं! पण आता मामाला शिव्या घालायलाही वेळ नव्हता. इंजिनाचा आवाज आणखी बारीक, आणखी कर्कश व्हायला लागला होता. ठेकेदाराला सुद्धा धग लागली असावी. त्यानं इंजिन बंद केलं, करवत ओंडक्यावर ठेवली आणि घाम पुसत म्हणाला, "भलतंच तापतंय हे म्हातारं! जरा पाणी पिऊ, मग उडवूच बुंधा."

"काका, खरंच सांगते, साधं पेट्रोल..."

"मी वीस वर्षं झाडं तोडतोय! तू शिकवणार मला?"

दोघं माणसं जीपकडे गेली. टाचणीनं सायकलजवळ जाऊन पंक्चरची पेटी उघडली. तिच्या डोळ्यांत ती चमक आली, जी आली की भोंगा नेहमी दोन पावलं मागे सरकायचा.

"ऐकून घेत नाहीत ना? मग दादासाहेबच नाही म्हणतील!" तिनं ट्यूबच्या रबराचा नखाएवढा तुकडा कापला. "स्पार्क प्लगच्या वायरीला टोपी असते. ती काढायची, आत हे रबर सरकवायचं आणि टोपी परत बसवायची. वरून सगळं ठीकठाक, पण ठिणगीच पडणार नाही. यंत्राला धक्काही नाही! लिंबू, तुझी बोटं बारीक आहेत. सिलिंडरला हात लावू नकोस, भाजेल. भोंगा, तू..."

"मी काय करू?"

"तू पड!"

भोंगा असा काही पडला, की नाटकातल्या राजानं सुद्धा इतक्या थाटात मरू नये. सायकल एकीकडे, तो दुसरीकडे, आणि मध्ये एकच आरोळी. "आई गंऽऽ! मेलो! माझा पाय!"

ठेकेदार आणि मदतनीस पाण्याची बाटली टाकून धावले. "कुठे लागलं? हा पाय की तो?"

"हा! नाही, तो! दोन्ही!"

ओंडक्यामागून लिंबूचं डोकं वर आलं, खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. त्यानं अंगठा दाखवला. भोंगा लगेच उठून बसला. "आता बरं वाटतंय."

मग सुरू झाली खरी गंमत! ठेकेदारानं दोरी ओढली. काही नाही. जोर लावून ओढली. काही नाही. मदतनिसानं बाह्या सरसावल्या. दोघांनी आळीपाळीनं इतके हिसडे मारले, की त्यांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले. दादासाहेब ढिम्म!

"काका," टाचणी गोड आवाजात म्हणाली, "ते फक्त मावशीचं ऐकतात."

ठेकेदारानं वैतागून मामाला फोन लावला. थोड्याच वेळात स्कूटर आली. मामा पुढे, रडवेला. आणि मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, ओठ घट्ट मिटलेली मावशी! ती लवकरच्या बसनं परतली होती आणि रिकामा स्टँड तिनं पाहिला होता.

ती सरळ ओंडक्याजवळ गेली. टाकीचं झाकण उघडून तिनं वास घेतला आणि डोळे मिटले. टाचणीनं भराभर सगळं सांगून टाकलं. निळा धूर, चिरकणारा आवाज, रबर, सगळं. मावशीनं धुराच्या नळीचा भाग सोडवला आणि टॉर्च मारून आतला पिस्टन पाहिला.

"ओरखडे आहेत," ती म्हणाली. "पण बारीक. घासून निघतील. आणखी एकदा सुरू झालं असतं, तर हे इंजिन संपलं होतं."

मग ती ठेकेदाराकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच जास्त धाक वाटला. "इंजिनाचं सोडा. नव्या करवतीला ब्रेक असतो. ती उसळली तर साखळी जागच्या जागी थांबते. याला ब्रेकच नाही. आणि तुम्ही चपला घालून उभे होता? घरी पोरंबाळं आहेत ना तुमची?"

ठेकेदारानं आपल्या चपलांकडे पाहिलं. मग टाचणीकडे. "पोरी, तू ओरडून सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही," तो हळूच म्हणाला. "चुकलंच माझं."

"दोन तासांचा तर प्रश्न होता, ताई, याला नाही म्हणवेना..." मामानं सुरुवात केली.

"तू आज रात्री जेवण झाल्यावर पॉलिश पेपर घेऊन शेडमध्ये बसायचं," मावशी म्हणाली. "आणि मी पुरे म्हणेपर्यंत उठायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. जुना पंप, भात्यासारखा धापा टाकणारा जनरेटर, सगळे रांगेत. मावशीनं चष्मा, जाड बूट, हातमोजे चढवले. मामानं ऑइल मापून पेट्रोलमध्ये मिसळलं. लिंबू शेजारी उभा राहून थेंब न् थेंब बघत होता. "अजून थोडं, मामा. नाही, थेंबभर कमी. हं, आता ढवळ!"

मावशीनं दोरी हळू ओढली. मग एकदम!

धड्-धड्-धड्-धड्! इंजिन खणखणीत आवाजात बोललं आणि नळीतून निळ्या धुराची सुरेख रेघ वर चढली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ठेकेदारानं स्वतः आणून दिलेल्या ओंडक्यात पातं लोण्यात सुरी जावी तसं उतरलं आणि परातीएवढी गोल चकती गवतावर पडली. बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, टाळ्या थांबवायलाच तयार नव्हत्या.

इंजिन बंद करून मावशीनं तिघांना पुढे ओढलं. "काल ही तीन मुलं नसती, तर आज हे यंत्र तुम्हाला फक्त फोटोत दिसलं असतं," ती म्हणाली. "चालतं यंत्र सगळेच बघतात. यांनी ते ऐकलं. मला हे यायला बरीच वर्षं लागली."

मुख्याध्यापिका बाईंनी तिघांची पाठ थोपटली. टाचणीचे कान लाल झाले.

संध्याकाळी मावशीनं शेडच्या कोपऱ्यातलं एक पोतं ओढलं. खाली शेतातल्या पंपाचं छोटं इंजिन होतं. इतकं गंजलेलं, की बोल्ट कुठला आणि लोखंड कुठलं ते कळेना.

"हे तुमचं," ती म्हणाली. "सुट्टी अजून बरीच आहे. मी फक्त विचारलं तर सांगेन."

"हे सुरू होईल?" लिंबूनं तोंड आंबट केलं.

"मला काय माहीत? विचारा त्यालाच."

तिघंही गुडघ्यांवर बसले. बोल्टवर गंज सुटायचं तेल सोडलं, वाट पाहिली, पाना लावला. टाचणीनं जोर लावला. भोंग्यानं लावला. मग तिघांनी मिळून, दात-ओठ खाऊन.

कर्र्र...

"फिरला!" भोंगा असा ओरडला, की शेजारून कुणीतरी विचारलं, "काय हवंय रे?"

"काही नको!" टाचणी ओरडली आणि पाना दुसऱ्या बोल्टला लावला.