सहाशे चौदा नंबरचा घेवडा

बिया मोजण्याइतकं कंटाळवाणं काम नाही, असं लोकांना वाटतं. मला मात्र त्याची गोडी आहे. बियाणं जपून ठेवणाऱ्या आमच्या केंद्रात सतरा वर्षं मी तेच करते. थंड खोलीतलं जुनं पाकीट काढायचं, चाळीस बिया वाळूच्या ट्रेमध्ये पेरायच्या आणि किती उगवल्या ते लिहायचं. उगवण घटली की शेतात ताजं बी धरायचं, नाहीतर तो वाण जगातूनच जातो.

ही नोकरी मावशीमुळे लागली. माझ्या आईची सख्खी बहीण, इथली भांडारप्रमुख. वशिला वगैरे काही नाही हो, उलट भाची म्हणून दुप्पट राबवायची! सकाळी दारातून आली की आधी तिचं टेबल, मग कपाट, मग वजनकाटा अशी तिची फेरी ठरलेली. शेवटी माझ्या मागे उभी राहायची, खांद्यावरून वाकून बघायची आणि म्हणायची, "पुन्हा मोज." बरोबर असलं तरी पुन्हा मोज.

सहाशे चौदा नंबरचा काळा घेवडा तिचा लाडका. दोन दिवस पायपीट करून तिनं तो एका म्हाताऱ्या बाईच्या परसातून आणला होता. दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी ते पाकीट हरवलं आणि मावशीच्या नावावर हलगर्जीपणाचा शेरा बसला. "शेऱ्याचं काय एवढं? वाण गेला गं," एवढंच ती म्हणाली. तो शेरा घेऊनच निवृत्त झाली आणि मागच्या वर्षी गेली.

गेल्या महिन्यात कपाटं बदलताना पाकीट सापडलं. चारशे सोळाच्या खणात. खणात ठेवल्याची तारीख वर घातलेली, अक्षर माझं. आकडे उलटे वाचून ते तिथे मीच ठेवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब मात्र खूश. "अहो, मिळालं ना? झालं तर! अहवालात लिहा, कपाटामागे पडलं होतं. आता कुणाचं नाव कशाला उकरायचं?"

मी नंदीबैलासारखी मान हलवली.

पाकिटात मोजून चाळीस बिया होत्या, त्याही अठ्ठावीस वर्षांच्या. चार उगवल्या तरी नशीब, म्हणून सगळ्या पेरल्या. सातव्या दिवशी सकाळी बघते तर चाळीसच्या चाळीस वर! मी साहेबांना हात धरून ओढत आणलं. एरवी कपाळाला आठ्या घालून फिरणारा तो माणूस चक्क टाळ्या वाजवत होता.

ते गेल्यावर लक्षात आलं की सगळी रोपं दाराकडे कलली आहेत.

रोपं उजेडाकडे झुकतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण आमच्या उगवणीच्या खोलीला खिडकी नाही. दिवे बरोबर ट्रेच्या वर. शेजारच्या ट्रेमधला गहू ताठ उभा होता. मी ट्रे फिरवून ठेवला. जेवून आले तर रोपं मावशीच्या जुन्या टेबलाकडे कललेली. चहाच्या वेळेला कपाटाकडे.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं दिवे तपासले, पंखा बंद केला, दाराच्या फटीशी कागद धरून बघितला.

"ताई, सगळं ठीक आहे," तो म्हणाला. मग ट्रेकडे बघत हसला. "कुणाची तरी वरात बघितल्यासारखा माना वळवतोय तुमचा घेवडा."

मीही हसले. संध्याकाळी निघताना रोपं वजनकाट्याकडे बघत होती.

खरं सांगते, भीती वाटली नाही. उलट दुसऱ्या दिवशी मी गुणगुणतच कामाला आले. चाळीसपैकी चाळीस! मावशी असती तर दिवसभर मिरवली असती.

दुपारी ट्रे समोर ठेवून अहवाल लिहायला बसले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "पाकीट कपाटामागे पडलेले आढळले." पुढे पेन चालेना. पाऊण तास तशीच बसून राहिले.

वर पाहिलं तर रोपं माझ्याकडे कलली होती. चाळीसही.

मी ती ओळ खोडली. लिहिलं, "पाकीट चुकीच्या खणात मी ठेवले. भांडारप्रमुखांची काहीही चूक नव्हती." खाली सही केली. डोळे भरून आले, पण छातीवरची धोंड उतरली.

"घ्या, लिहिलं एकदाचं," मी रोपांना म्हटलं आणि खुर्ची हातभर बाजूला सरकवली.

रोपं हलली नाहीत.

बराच वेळ बसले तरी हलली नाहीत.

मी जिथे बसले होते, तिथेच ती बघत होती. नीट पाहिलं तर तिथेही नाही, जरा वर. माझा खांदा होता, त्याच्या वीतभर वर.

मी खुर्ची मुकाट्यानं जागेवर ओढली, आणि कुणी सांगायच्या आत रोपं पुन्हा मोजायला घेतली.