शेख अलाला थकलेत

आमच्या महदिया शहराच्या उत्तर किनाऱ्यावरचं ते हॉटेल एरवी एप्रिल महिन्यात जर्मन म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांनी भरलेलं असतं. साथीच्या त्या वर्षी ते सरकारनं ताब्यात घेतलं होतं. परदेशातून परतणाऱ्यांना विमानतळावरून थेट तिथं आणायचे आणि चौदा दिवस ठेवायचे. मी नगरपालिकेच्या दवाखान्यात परिचारक. नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या अठरा खोल्या माझ्याकडे आल्या.

नियम साधे होते. एका खोलीत एकच माणूस, मग नवरा-बायको का असेनात. प्रत्येक दाराबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची. जेवणाचा डबा आणि चहाचा छोटा थर्मास खुर्चीवर ठेवायचा, दार दोनदा वाजवायचं आणि सहा फरशा मागे सरायचं. मगच आतल्यानं दार उघडायचं. सकाळ-संध्याकाळ कपाळासमोर यंत्र धरून ताप बघायचा. पहिल्या आणि बाराव्या दिवशी नाकातून नमुना घ्यायचा. बाराव्याचा निकाल चांगला आला की चौदाव्या दिवशी सुटका.

माझ्याबरोबर मजल्यावर हल्लूमा होती. वीस वर्षं त्याच हॉटेलात खोल्या आवरणारी बाई. मी पांढरा पोशाख, चष्मा, दोन-दोन हातमोजे चढवले की ती नावाआधी आमच्याकडचं आदराचं 'सी' लावून म्हणायची, "सी मुख्तार, तुमच्याकडे बघून वाटतं, लग्नातला केक पळून आलाय."

"आणि तू माझ्यावर क्लोरीन फवारतेस ते?"

"ते गुलाबपाणी समजा."

मनूबिया मार्सेच्या विमानानं आली. चाळिशीची, बारीक अंगाची. तिकडे एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. कागदावर बापाचं नाव वाचलं आणि माझा हात थांबला.

"शेख अलालांची मुलगी?"

"ओळखता बाबांना?"

ओळखता म्हणजे काय! जुन्या गावात आमची गल्ली त्यांच्या गल्लीपासून तिसरी. मी सात वर्षांचा होतो तेव्हापासून त्यांच्या पायाशी बसून ऐकलेलं. जन्मांध माणूस, पण पैगंबरांच्या कथा गाऊन सांगायला लागले की अंगणातल्या प्रत्येकाला डोळे फुटत. हातात डफ. कथा रंगात आली की मधेच थांबायचे, बोटातली चांदीची अंगठी डफाच्या लाकडावर तीनदा वाजवायचे, टक, टक, टक, आणि अख्खं अंगण ध्रुपद उचलायचं. याकूब नबी मुलाच्या वाटेकडे डोळे लावून रडून रडून आंधळे झाले आणि हरवलेल्या मुलाच्या सदऱ्याच्या वासानं पुन्हा डोळस झाले, ती कथा त्यांची खास. ती ऐकताना मी माझ्या बापाला रडताना पाहिलंय, आणि माझा बाप मासे पकडणारा, दगडासारखा माणूस होता. माझी जी काही श्रद्धा आहे, ती त्या अंगणातली आहे. कथा संपल्यावर शेख चहा प्यायचे आणि रिकामा पेला उपडा ठेवायचे. माशी पडली तर मला कशी दिसणार, म्हणायचे.

"आजारी आहेत ना, म्हणून धावत आले," मनूबिया म्हणाली. "नेमकं तुम्ही इथं कोंडलंत. चौदा दिवस थांबतील ना हो ते?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो, आणि नमुना घेतला.

दुपारी तिच्या भावाचा, हेदीचा, फोन आला.

"सी मुख्तार, बाबा पहाटे गेले. तिचं विमान तेव्हा हवेत होतं. दुपारच्या नमाजानंतर पुरतोय. फक्त बारा माणसांना परवानगी आहे." त्याचा आवाज कोरडा होता. "तिला सांगू नका."

"हेदी, अरे..."

"एकटी आहे ती. खोलीला गॅलरी आहे. तिला धरायला बाई नाही, मान टाकायला खांदा नाही. घरी येऊ दे, बायकांत बसू दे, मग सांगू. तोवर म्हणा, थकलेत."

आमच्याकडे असंच करतात. परदेशातल्याला मरण फोनवर सांगत नाहीत. माझी आई गेली तेव्हा लिओंमधल्या माझ्या भावाला मीच नऊ दिवस सांगत होतो, थकलीय म्हणून. मी हो म्हटलं.

मजल्याच्या टोकाला खिडकी आहे. तिथून भूशिर दिसतं, दीपगृह दिसतं, आणि समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या पांढऱ्या कबरी. त्या दुपारी तिथं काही माणसं अंतर राखून उभी होती. मनूबियाच्या खोलीची, दोनशे चौदाची, गॅलरी त्याच बाजूला आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दार उघडताच विचारलं, "काल घरी जाताना दिसले का बाबा?"

"डोकावलो होतो. थकलेत. झोपून असतात."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मान हलवली. "काही खाल्लं?"

"जवाचं सूप घेतलं थोडं." हे मी तिथल्या तिथं रचलं. तिचा चेहरा जरा सैल झाला, म्हणून मलाही बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ताप बघताना ती म्हणाली, "सुपात मीठ कमी होतं म्हणे."

मी खाली येऊन हेदीला फोन लावला. तो चिडलाच. "तिच्याशी बोलायची माझी छाती आहे का? तिचा नंबर दिसला की फोन पालथा घालतो मी. घरातलं कुणीच बोललेलं नाही."

मीठ कमी असणं ही काही मोठी गोष्ट नाही. आजाऱ्याच्या सुपात मीठ कमीच असतं. माझं मी समाधान करून घेतलं.

चौथ्या दिवशी मी म्हणालो, "जरा खोकला आहे. बाकी बरं."

त्याच संध्याकाळी दोनशे तेरामधला रिधा दार उघडून माझ्यावर घसरला. जेनोआहून आलेला ट्रकवाला, सिगारेट मिळत नाही म्हणून आधीच पेटलेला.

"सी मुख्तार, हा कुठला न्याय? मला एकट्याला पेटीत बंद केलंत आणि शेजारणीला बाप बरोबर दिलात?"

"तिच्या खोलीत कुणी नाही."

"मग खोकतं कोण? भिंत? आणि काल गात पण होता. गळा छान आहे म्हाताऱ्याचा, माझी तक्रार नाही. तेवढं त्याच्याकडे सिगारेट आहे का विचारा."

"मोबाईलवर लावत असेल काहीतरी."

"मोबाईल मधेच थांबून लाकूड वाजवत नाही," रिधा म्हणाला.

मी वळलो. दोनशे चौदाचं दार दोनदा वाजवलं आणि सहा फरशा मागे झालो. मनूबियानं दार उघडलं. मी पुढे होऊन यंत्र धरलं. तिच्या खांद्यावरून खोलीचा तुकडा दिसत होता: नीट घातलेला पलंग, गॅलरीकडे तोंड करून ठेवलेल्या दोन खुर्च्या, मधे छोटं टेबल. टेबलावर एक पेला सरळ. एक उपडा.

हॉटेलात धुतलेले पेले उपडेच ठेवतात. मी स्वतःला तेच सांगितलं. पण उपड्या पेल्याभोवती चहाचं ओलं कडं उमटलं होतं.

पुढचे दोन दिवस मी मुद्दाम काहीच रचलं नाही. "आज जायला जमलं नाही," इतकंच बोललो.

सातव्या सकाळी तिचे डोळे खोल गेलेले दिसले. "काय झालं?"

"बाबा दोन दिवस बोललेच नाहीत," ती हळू म्हणाली. "नुसते बसून आहेत. सी मुख्तार, आज सांगाल ना काहीतरी? काहीही सांगा."

आता वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं. पण ती दारात अशी उभी होती, हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, की माझ्या तोंडून निघून गेलं, "बरे आहेत. आज उठून बसले. याकूब नबींची कथा गुणगुणत होते."

संध्याकाळी जेवण वाटत मजल्यावरून येताना मी ऐकलं. रिधाचं दार उघडं होतं आणि तो नियम मोडून उंबऱ्यात मांडी घालून बसला होता. हल्लूमा पुसणं हातात धरून उभी. दाराआडून येणारा तो आवाज मी चाळीस वर्षं ओळखत होतो. याकूब नबी वाटेवर बसले आहेत, वारा सुटला आहे, मुलाच्या सदऱ्याचा वास अजून फार लांब आहे. आवाज थांबला.

टक. टक. टक.

हल्लूमाचे ओठ हलले. तिनं ध्रुपद उचललं, रिधानं उचललं, आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा. मास्कच्या आत. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"शेख अलालांसारखंच गातंय कुणीतरी," हल्लूमा म्हणाली. मग माझ्याकडे पाहून दोन पावलं मागे सरली. शेखांच्या दफनाची बातमी तिलाही होती.

तेव्हापासून ती त्या दारासमोरची फरशी पुसेना. मी रोज जात होतो आणि रोज काहीतरी सांगत होतो. भूक लागली. पाय दुखतात. तुझी आठवण काढतात. सांगितलेलं दुसऱ्या दिवशी मला परत मिळत होतं, थोडं भर घालून. पण दहाव्या दिवशी तिनं जे सांगितलं ते माझ्याकडून गेलेलं नव्हतं.

"बाबा म्हणतात, समुद्र फार जवळ आलाय. लाटा अगदी कानाशी लागतात. आणि अंथरूण ओलं लागतं म्हणे."

मला भूशिरावरच्या कबरी आठवल्या. सगळ्यात खालच्या रांगेवर तुषार उडतात.

बाराव्या दिवशी नमुना घेतला. तेराव्या दिवशी निकाल आला, चांगला होता. मी कागद घेऊन वर गेलो. दुपारचे चार वाजले होते, मजल्यावर लख्ख ऊन होतं.

कागद खुर्चीवर ठेवला आणि दार वाजवून मागे सरलो. "उद्या सुटका," मी म्हणालो.

तिनं कागद दोन्ही हातांत धरून वाचला. "घरी सोडायला गाडी असते ना? एक जागा सोडून बसवतात म्हणे. आम्हाला दोघांना शेजारी बसू देतील का? बाबांना आधार लागतो."

उद्या ही मोकळ्या हातानं कुणाला तरी आधार देत गाडीतून उतरेल. दारात काळे कपडे घातलेल्या बायका उभ्या असतील. मी या बाईला तेरा दिवस काय पाजत होतो?

"मनूबिया, बहिणी, बस जरा."

ती बसली नाही.

"मी खोटं बोललो. तुझे बाबा तू आलीस त्या पहाटेच गेले. त्याच दुपारी दफन झालं. ते बरे नाहीत. ते नाहीत. अल्ला त्यांना जन्नत देवो."

तिनं डोळे मिटले. म्हणाली, "हळू बोला."

उशीर झाला होता.

आतून अंगठी वाजली. एकदाच.

मग त्या आवाजानं विचारलं, शांतपणे, जसं अंगणात एखाद्या पोराला विचारायचे तसं:

"मग रोज मी बरा आहे म्हणून कोण सांगत होतं?"

मी सहा फरशांवर उभा होतो. मनूबिया उंबऱ्याबाहेर होती. कागद तिच्या दोन्ही हातांत होता.

दार आतून हळूच लागलं.

चौदाव्या सकाळी ती एक पिशवी घेऊन खाली आली. चेहरा धुतलेला, डोळे सुजलेले. मी गाडीपर्यंत गेलो. माफी मागायची होती.

"मला माहीत होतं, सी मुख्तार," तीच म्हणाली. "आपल्याकडे 'थकलेत' म्हणजे काय, ते मला कळत नाही का? शिवाय गॅलरीतून दिसत होतं. बारा माणसं. मोजली मी."

"मग मला रोज का विचारत होतीस?"

"तुम्ही सांगितलंत की त्यांना बरं वाटायचं." तिनं गाडीत बसून पिशवी मांडीवर घेतली. "त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही त्यांना सांगायला नको होतं."

ड्रायव्हरनं दार ओढलं. ती काचेजवळ सरकली.

"घरी चला म्हणून रात्रभर हात जोडले मी. येत नाहीत म्हणाले. आता कुणाच्या घरी जाऊ, म्हणाले."

गाडी गेली. तिच्या शेजारची जागा नियमाप्रमाणे रिकामी होती.

माणूस गेला की खोली तीन दिवस बंद ठेवायची, दाराला कागदी पट्टी चिकटवून, वर सही करून, हाही नियमच होता. पट्टी मी चिकटवली, सही माझी. वर सांगून दोनशे चौदाची वीज आणि पाणी बंद करून घेतलं. तीन दिवसांत रिधासुद्धा सुटून गेला. जाताना त्यानं दोनशे चौदाच्या खुर्चीवर एक सिगारेट ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी हल्लूमा आणि मी गेलो. पट्टी शाबूत होती, सही तशीच. ती फाडून आम्ही आत शिरलो. पलंग नीट घातलेला. गॅलरीचं दार बंद, काचेवर समुद्राचं मीठ. दोन खुर्च्या. टेबलावर एक पेला सरळ, कोरडा, तळाशी धूळ.

एक उपडा.

"धुतलेले पेले आम्ही उपडेच ठेवतो," हल्लूमा म्हणाली. मी विचारलं नसताना.

तिनं तो उचलला आणि तसाच धरून उभी राहिली. मग हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी काचेला हात लावला.

पेला आतून वाफेनं धुरकटलेला होता.