न तापणारं रबर

गॅरेजवाल्यांची एक चांगली रीत असते. नवा पार्ट बसवला की जुना त्याच खोक्यात घालून डिकीत ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक उगाच शंका घेत नाही. हेमांगीला शंका आली ती नेमकी त्यामुळेच. खोक्यात पुढच्या डाव्या चाकाचा, रस्त्याचे धक्के झेलणारा रबरी बुश होता. ना चीर, ना भेग. अंधेरीच्या टेस्टिंग लॅबमध्ये असले बुश दाबून बघण्यात तिची उमर चालली होती. हा चांगला धडधाकट होता. मग नवऱ्याने, निलेशने, तो एवढ्या घाईने का बदलून घेतला?

तो म्हणाला होता, मुलुंडला नवघर रोडवर गाडीखाली कुत्रं आलं. त्याच आठवड्यात, त्याच रस्त्यावर, मासे विकणारे राजारामकाका मरून पडलेले सापडले. ठोकणारी गाडी अजून मिळाली नव्हती. तेव्हापासून हेमांगीला घास गोड लागत नव्हता. ज्याच्याशी संसार केला त्याच्यावर संशय घ्यायची तिला लाज वाटत होती, आणि संशय जातही नव्हता.

दुपारी लॅबमधलं मशीन मोकळं होतं. तिने बुश चढवला. रबराचा हिशेब सरळ असतो. दाबताना दिलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही; राहिलेली उष्णता होऊन जाते, म्हणून रबर तापतं. या बुशाने निम्म्याहून जास्त ऊर्जा गिळली, आणि तरी हाताला थंडगार लागला.

"केतन, सेन्सरशी काही केलंस का रे?" तिने लॅबमधल्या सहकाऱ्याला विचारलं.

"मी कशाला करू यार? दुसरा लावून बघ ना."

दुसरा बुश व्यवस्थित तापला. म्हणजे पाणी पहिल्यातच मुरत होतं. तिने तो पुन्हा चढवला, थोडा वेळ दाबला आणि मशीन बंद केलं.

स्क्रीनवरची दाबाची रेघ चालूच राहिली.

केतनने मशीनच्या पंपाला हात लावून पाहिला. "बंद आहे गं. मग ढकलतंय कोण?"

रबरच ढकलत होतं; गिळलेले धक्के परत देत होतं. तीन स्पीडब्रेकरचे छोटे झटके, मग एक खोल खड्डा. रोजचा घरचा रस्ता हेमांगीने ओळखला.

मग करकचून ब्रेक. एक मऊ धक्का.

रेघ सपाट झाली. बघायला उतरला असेल, ती मनात म्हणाली. देवा, उतरलेला असू दे.

रेघ उलटी सरकली. गाडी मागे येत होती.

पुन्हा तोच मऊ धक्का.

गाडी परत पुढे निघाली तेव्हा रेघ वर चढली होती. डाव्या बाजूला एका माणसाचं वजन वाढलं होतं. घर येईपर्यंत ते उतरलं नाही.

तिने निलेशला फोन लावला.

"गाडी चालवतोय. बोल."

त्याच्या आवाजामागे काहीतरी एकसारखं पीं पीं वाजत होतं. शेजारच्या सीटवर कोणी बेल्ट न लावता बसलं की वाजतं, ते.

"बरोबर कोण आहे रे?"

"कोण असणार? एकटाच आहे."

"मग ते काय वाजतंय?"



टक् करून बेल्ट अडकल्याचा आवाज आला, आणि वाजणं थांबलं.